गिळलेले वार

आमच्या खेळात पंच नाही, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगतो. ज्याला वार लागतो त्यानंच ‘लागला’ म्हणायचं आणि गुडघ्यावर बसायचं. मारणाऱ्यानं बोलायचं नाही, बघणाऱ्यांनी तर मुळीच नाही. वार अंगावर पडला की ढालीवर, हे ज्याचं अंग त्यालाच ठाऊक. हे सांगताना माझा आवाज आपोआप भारदस्त होतो. बायको म्हणते, अशा वेळी तुम्ही मुख्याध्यापकासारखे दिसता. या हिवाळ्यापासून मी हे सांगायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला बघतोय, पण कुणी घेत नाही.

खेळ म्हणजे ढाल-तलवारीची लढाई. इथल्या मराठी मंडळींचा दर फेब्रुवारीत कार्यक्रम असतो, त्याच्या शेवटी गडावरची जुनी लढाई उभी करतात. कुवेतमध्ये खऱ्या तलवारी घेऊन फिरण्याची हौस कुणाला परवडणार? म्हणून आमच्या तलवारी वेताच्या, वर फोम आणि त्यावर टेप. ढाली प्लायवूडच्या. त्यांच्या कडेला बागेतला पाण्याचा पाइप उभा चिरून बसवलेला आहे, म्हणजे ढालीची कड कुणाच्या तोंडावर बसली तरी दात जागेवर राहावेत. ही पाइपाची युक्ती माझी. मी पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करतो, दिवसभर लोकांच्या मागे ‘चष्मा घाला, हातमोजे घाला’ म्हणून लागतो, त्यामुळे खेळातही ते खातं माझ्याच गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मीच ते ओढून घेतलं.

उन्हाळा ओसरला की शुक्रवारी सकाळी सुलैबियातल्या एका गोदामाच्या आवारात आमचा सराव चालतो. दहा-बारा जण असतो. बहुतेक पुण्या-नाशकाचे इंजिनियर, पोट सुटलेले, पण मनानं अजून मावळे. लढाईतलं जवळपास सगळं बसवलेलं असतं. कोण कुठून येणार, कोण कधी पडणार, सारं ठरलेलं. फक्त शेवटची जोडी खरी लढते. कोण जिंकणार ते लढणाऱ्यांनाही माहीत नसतं, म्हणून लोक तेवढ्यासाठी थांबून राहतात. सरावात जो जास्त जिंकतो त्याला त्या जोडीत जागा मिळते.

ती जागा या वर्षी मला हवी होती. माझी मुलगी अकरावीत आहे. घरात मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संसार. बापाचं काहीही तिला बघण्यालायक वाटत नाही. तिनं एकदा माझी ढाल उचलून बघितली आणि म्हणाली, “वेट, यू अॅक्चुअली फाइट विथ धिस?” मी म्हटलं, हो. म्हणाली, “ओके, आय विल कम.” एवढ्यावर मी आठवडाभर हवेत होतो.

आणि ती जागा आमच्यातल्या मालवणी गड्यालाही हवी होती. तो एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन, खैतानला इतर चौघांबरोबर खोलीत राहतो. गावाकडे दशावतारात राक्षसाची कामं करायचा. आवाज असा, की गोदामाच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडावीत. नम्र वगैरे अजिबात नाही. आपल्यासारखा लढणारा अख्ख्या फरवानियात नाही, हे तो आपणहून सांगे आणि न विचारता दाखवूनही देई. त्याला एक हौस होती. गावात त्याच्या दोन्ही मुलांनी त्याला फक्त लहानपणी रंगभूषेत बघितलं होतं. आता मोठी झाली होती, आणि या वेळी कुणीतरी फोन धरून शेवटची जोडी त्यांना लाइव्ह दाखवायची, हे त्यानं ऑक्टोबरातच ठरवून टाकलं होतं. मी दर शुक्रवारी रिग्गईहून निघून त्याला खैतानहून गाडीत घ्यायचो. वाटेत तो मला मुलांचे व्हॉइस मेसेज ऐकवायचा.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका तरुण इंजिनियरच्या दंडावर काळेनिळे वळ उठले आणि त्याच्या बायकोनं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली. मी पेटून उठलो. सामान हलवताना फर्निचरला गुंडाळतात तसल्या जाड गोधड्या आणल्या, आत व्यायामाच्या चटईचे तुकडे घातले आणि सगळ्यांसाठी नवीन जाकिटं शिवून घेतली. ती घातली की माणूस गादीचा लोड दिसायचा. पण त्यानंतर एकाच्याही अंगावर वळ उठला नाही. मी खूश होतो. लोकांना सांगत सुटलो होतो, बघा, सेफ्टी म्हणतात ती ही.

मग हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. वार कळेनासे झाले. सुरुवातीला खरंच कळायचे नाहीत. समोरचा म्हणायचा, ‘अरे लागला की’, आणि ज्याला लागला तो प्रामाणिकपणे चकित व्हायचा. पण एकदा का न कळण्याची सोय झाली, की कळलेलाही न कळल्यासारखा करता येतो. याला आमच्यात शब्दही तयार झाला, वार गिळणं. ‘काय राव, गिळला ना?’ असं हसत हसत विचारायचं, आणि ज्यानं गिळला त्यानं ‘छे छे, ढालीवर होता’ म्हणायचं. सगळे हसायचे. मीही हसायचो.

मालवण्याला ते जाकीट सोसत नव्हतं. “माका ह्यात जीव घुसमाटता साहेब, हात उठणा नाय,” म्हणायचा. खूप बोलाचालीनंतर मी त्याला जुनं पातळ जाकीट घालायची परवानगी दिली, वर उपकार केल्यासारखी. त्यामुळे झालं असं, की आम्ही त्याला मारलेला प्रत्येक वार त्याला कळायचा, आणि त्यानं आम्हाला मारलेला आम्हाला कळायचा नाही. तो मात्र लागला की लगेच आरडाओरडा करायचा, “लागलो रे लागलो, मेलंय!” (‘लागला’चं त्याच्या बोलीत ‘लागलो’ व्हायचं) आणि दोन गिरक्या घेऊन असा कोसळायचा, की आम्ही टाळ्या वाजवायचो. टाळ्या मिळायच्या, पण डाव आमच्या नावावर जायचा. डिसेंबर उजाडेपर्यंत सगळ्यात चांगला लढणारा माणूस सगळ्यात जास्त हरलेला होता.

एका शुक्रवारी सरावाहून परतताना तो गाडीत गप्प होता. तो गप्प बसणं म्हणजे एसी बंद पडण्याइतकंच जाणवणारं. सुलैबियाचा रस्ता संपत आला तेव्हा म्हणाला, “साहेब, एक इचारू? लागलो तरी ह्यांका कळणा नाय. मी काय करूचा?”

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, “मग जरा कळेल असा मार ना! राक्षस ना तू?”

तो हसला. मीही हसलो. मी थट्टेत बोललो होतो हे खरं आहे. पण मी दिवसा ज्या खुर्चीवर बसतो, त्या खुर्चीवरच्या माणसानं हे वाक्य थट्टेतही बोलायचं नसतं. एखाद्या सुपरवायझरनं कामगाराला असं काही सांगितलं असतं, तर मी त्याचं आयकार्ड जप्त करवलं असतं.

पुढच्या शुक्रवारी शेवटच्या जोडीतली पहिली जागा ठरायची होती; आधी हरलेल्यांनाही त्या दिवशी एक संधी असायची. मी आणि तो समोरासमोर आलो. ऊन कोवळं होतं, थंडी बरीच होती, आवारात चहाचा थर्मास फिरत होता. त्याचा पहिला वार माझ्या उजव्या खांद्यावर बसला. मला तो कळला. जाकिटाला ‘धप्’ असा आवाज झाला आणि खांद्यात गेलाही. मी म्हणालो, “चालू दे.” दुसरा वार मांडीवर आला. मांडीवर गोधडी नव्हती, नुसती विजार होती, तेव्हा न कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हणालो, “ढालीवर होता.” कुणीतरी मागून ‘गिळला, गिळला’ म्हणून हसलं. मला त्या क्षणी फक्त माझी मुलगी पहिल्या रांगेत दिसत होती. दुसरं काही नाही.

तिसरा वार त्यानं मी सांगितला होता तसा मारला, कळेल असा. मी ढाल उचलायला उशीर केला, मुठीचा पट्टा सैल होता, आणि वेत माझ्या डाव्या मनगटावर बसला. हाडाला तडा गेल्याचा आवाज मला आतून आला. मी आईची आठवण काढत खाली बसलो. मालवण्यानं तलवार भिरकावून दिली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकले. क्लिनिकला नेताना गाडीत मागच्या सीटवर माझा हात त्यानं आपल्या मांडीवर उशीत धरला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला तो माझ्याआधी कण्हत होता. आधीचे दोन वार लागले होते, हे त्या गाडीत त्याला सांगता आलं असतं. मी डोळे मिटून बसलो.

दोन दिवसांनी माझ्याच घरी बैठक झाली. बायकोनं पोहे केले, मंडळींनी माझ्या प्लास्टरची चौकशी केली. मालवण्याला बोलावलं नव्हतं. एक जण म्हणाला, तो तापटच आहे. दुसरा म्हणाला, ही नाटकातली माणसं, यांना आवरत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण सेफ्टीचा शब्द माझा. मी म्हणालो, “जोर जास्त होता.” यात खोटं काहीच नव्हतं. जोर जास्तच होता. जोर का वाढला, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याला या वर्षी घ्यायचं नाही असं ठरलं. जागा मला मिळाली, म्हणजे मनगट बरं झालं तर. मी वर ‘बिचारा’ असंही म्हणालो. त्याची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

रोज सकाळी प्लांटमध्ये शिफ्ट सुरू होण्याआधी मी कामगारांना गोळा करून बोलतो. अपघात झाला की कुणी केला हे विचारू नका, का झाला ते विचारा, हे माझं ठरलेलं वाक्य. ते वाक्य माझ्या तोंडात अडकायला लागलं. मी त्याऐवजी हातमोज्यांवर बोलायला लागलो. त्यांना वाटलं, साहेबांचा हात मोडलाय म्हणून. शुक्रवारी सरावाला जाताना खैतानचं वळण आलं, की मी रेडिओचा आवाज वाढवायचो.

मुलीनं एकदा प्लास्टरवर पेननं ढाल काढली. काढता काढता विचारलं, “सो, डिड ही चीट?”

“नाही,” मी म्हटलं.

“देन व्हाय इज ही आउट?”

मी म्हटलं, अभ्यास कर. ती खांदे उडवून गेली. अपराधी वाटणं हा शब्द आपण फार सहज वापरतो. मला अन्न गोड लागत नव्हतं, एवढंच सांगतो.

शेवटी एका दुपारी मी खैतानला गेलो. खोलीत माशाच्या आमटीचा वास होता, चौघे जेवत होते. मला बघून एकानं खुर्ची पुसली. मालवण्यानं ताटावरून न उठता विचारलं, “हात कसो आसा?” मी सगळ्यांसमोरच सांगून टाकलं, की तुझे दोन वार मला लागले होते आणि मी नाही म्हणालो.

“माका ठावक आसा,” तो म्हणाला. “दोन. खांद्यार आणि मांडयेर.” मग भात कालवत म्हणाला, “पण ह्या माका हय येवन कित्याक सांगतास? थय सगळ्यांच्या फुड्यात सांगा.”

मला वाटलं होतं, तो ‘जाऊ दे साहेब’ म्हणेल, मी पाठीवर थाप मारीन आणि हलक्या मनानं घरी जाईन. माझी माफी मागायची कल्पना इतकी स्वस्त होती. त्यानं मला जेवायला वाढलं, पण एक शब्द कमी केला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गोदामाच्या आवारात सगळ्यांपुढे सांगितलं. दोन वार गिळल्याचं, आणि गाडीत जोरात मार म्हटल्याचंही. मग तो वळ उठलेला तरुण म्हणाला, “सर, मी पण गिळलेत. बरेच.” आणखी एक-दोघे खाली बघत होते. त्या दिवशी आम्ही जाकिटांतल्या चटया काढल्या. आता वार कळायला लागले, तसे सगळे आपोआप हळू मारायला लागले, कारण हळू मारला तरी पुरत होता. इतकी साधी गोष्ट कळायला माझं एक हाड लागलं. मालवण्याला परत बोलावलं. तो आला तो आधीसारखाच बढाया मारत आला, पण माझ्या गाडीतून नाही. त्याच्या कंपनीचा एक ड्रायव्हर सोडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “तुमका कशाक त्रास?”

शेवटच्या जोडीत तो आणि मी, असं मंडळींनीच ठरवलं. प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरनं परवानगी दिली होती. सगळ्यांना समेटाचा देखावा हवा होता. मी मात्र मनात वेगळंच ठरवून गेलो होतो. हरायचं. त्याची मुलं बघत असणार, तर त्याला जिंकू द्यायचं आणि या सगळ्यातून सुटायचं. हे मला फार उदात्त वाटत होतं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत माझी मुलगी होती, तिच्याशेजारी मालवण्याचा खोलीवाला फोन उंच धरून उभा. त्या फोनमध्ये दोन पोरांची डोकी एकमेकांना ढकलत होती. आम्ही फिरायला लागलो. तो सुरेख लढत होता, पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटावं. त्याचा एक वार आला, माझ्या ढालीच्या कडेवरून घसरला आणि हवेत गेला. कपड्यालाही शिवला नाही. मी ओरडलो, “लागला!” आणि गुडघ्यावर बसलो. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यानं तलवार वर केली नाही. हॉलभर घुमेल अशा राक्षसाच्या आवाजात तो म्हणाला, “नाय लागलो! ढालीर लागलो!” लोकांना वाटलं हा संवाद आहे, ते हसले, शिट्ट्या आल्या. मग तो माझ्यावर वाकला. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि इतकं रागावलेलं मी त्याला कधीच बघितलं नव्हतं, माझं मनगट मोडलं त्या दिवशीही नाही.

“उठा साहेब,” तो हळू म्हणाला. “एकदा तरी खरा सांगा.”

मी उठलो. सगळा हॉल बघत होता, आणि आता हरणंही माझ्या हातात राहिलं नव्हतं. मग मी लढलो. त्या मोसमात पहिल्यांदाच फक्त समोरच्या माणसाकडे बघून लढलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. एकदा त्यानं ढाल जराशी खाली घेतली आणि माझ्या तलवारीचं टोक त्याच्या दंडाला निसटतं लागून गेलं. लागलं की नाही, याची मलाच शंका होती. आवाज नाही, काही नाही. प्रेक्षकांत तर कुणालाच दिसलं नसावं. माझ्या दंडावर आला असता, तर मी तो गिळला असता, आणि आयुष्यभर मला वाटलं असतं की लागलाच नव्हता.

“लागलो रे लागलो, मेलंय!” तो गरजला, दोन गिरक्या घेतल्या आणि कोसळला.

लोक उभे राहिले. कुणीतरी माझा हात धरून वर केला. मी सोडवून घेऊन त्याला उठवायला गेलो, तर तो केव्हाच उठून बसला होता आणि खोलीवाल्याच्या हातातला फोन त्याच्याकडे आला होता. धाकट्याचा रडका आवाज मला ऐकू आला, “पप्पा, खूप लागला?”

“नाय रे झिला,” तो दम घेत म्हणाला. “हळूच लागलो. पण लागलो.”

मी त्याच्या शेजारी ढाल घेऊन उभा होतो, आणि समोरून माझी मुलगी हसत माझा फोटो काढत होती.